पट्टीखालची तारीख

तंजावूरच्या दक्षिण राजवीथीवर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. पाटी तमिळमध्ये, बिलं इंग्रजीत आणि मालक मराठी. मालकांचं नाव सेतुमाधव राव. गिऱ्हाइकं त्यांना रायर म्हणत, कारण तंजावुरात घरी मराठी बोलणारा जुन्या वळणाचा माणूस दिसला की तो रायरच. रायर म्हटलं की सेतुमाधवांची मान बोटभर ताठ व्हायची. माणूस बारीक, चष्मा जाड, हाताला गुण आणि जिभेला तिखट. बिघडलेला रेडिओ कुणी आणला की आधी त्याला झापायचं आणि मग रेडिओ उघडायचा, ही त्यांची कामाची रीत. "काय केलंस याला?" हा पहिला प्रश्न. यंत्र आपोआप बिघडतं हे त्यांना मान्यच नव्हतं. माणसं नको तिथे बोटं घालतात म्हणून यंत्रं बिघडतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे काळी चिकटपट्टी.

वायरमन वापरतात ती पट्टी. तिची गुंडाळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. टीव्ही दुरुस्त करून दिला की मागच्या तीनपैकी दोन बटणांवर पट्टी. स्टॅबिलायझरच्या खटक्यावर पट्टी. गिऱ्हाईक विचारी, "रायर, याखाली काय आहे?" उत्तर ठरलेलं असे. "पट्टीच्या वरचं तुझं. पट्टीखालचं माझं. हात लावलास तर पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस." लोक खरंच हात लावत नसत. एका कापडवाल्याने म्हणे टीव्हीचा आवाज कमी करायचं बटण पट्टीखाली गेलं म्हणून दोन वर्षं बातम्या मोठ्याने ऐकल्या, पण पट्टी काढली नाही.

घरीही तेच. फ्रिजच्या आतल्या चकतीवर पट्टी, मिक्सीच्या तिसऱ्या वेगावर पट्टी. बायको भुवनेश्वरी शाळेत गणित शिकवायची. ती एकदा म्हणाली, "मजवर केव्हां लावणार पट्टी?"

"तूं उगी बसत नाहींस. चिकटणार नाहीं," सेतुमाधव म्हणाले, आणि दोघंही हसली.

मग ती वर्षं आली. बाजार खुला झाला, असं पेपरात येत होतं. बाजार खुला झाला म्हणजे काय, हे सेतुमाधवांना आपल्या दुकानातच कळलं. लोक नवे टीव्ही आणू लागले, हप्त्यांवर. जुना रेडिओ दुरुस्त करायच्या पैशात नवा टू-इन-वन मिळू लागला. दुकानातल्या फळीवर लोकांनी परत न नेलेले रेडिओ साठत गेले, आणि सेतुमाधव दुपारी खुर्चीत बसून वाल्व्ह पुसू लागले. ज्या माणसाला दिवसातून दहा जणांना झापायची सवय, त्याला झापायला कुणी मिळेना. तो काळ भुवनेश्वरीला फार जड गेला.

त्यातून बाहेर काढलं मद्रासच्या गुरुमूर्तीने. मद्रासचं नाव चेन्नई झालं होतं, पण सेतुमाधवांच्या तोंडी ते कधी बसलं नाही. गुरुमूर्ती परदेशातून जुनी विजेची उपकरणं मागवून विकायचा. त्याने एक करडी पेटी पाठवली, वहीएवढी, वर छोटा पडदा. आकाशातले उपग्रह पकडून ही पेटी आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते आकड्यांत सांगायची. परदेशातल्या बोटींवरून उतरवलेला माल होता तो, नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त. गुरुमूर्तीचं म्हणणं, तुमच्या जिल्ह्याला समुद्र आहे ना, मग बोटवाल्यांना विका.

समुद्र होता. बसने ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै करत मल्लिपट्टिणमला गेलं की जुन्या राजांनी बांधलेल्या मनोऱ्याजवळ बंदर. तिथून बोटी कोळंबी धरायला जात, आणि काही तासांच्या अंतरावर पाण्यातली ती न दिसणारी रेघ होती, जिच्या पलीकडचं पाणी लंकेचं. पलीकडे लढाई चालू होती. रेघ ओलांडली तर गस्तीची बोट येई आणि माणसं महिनोन् महिने तुरुंगात पडत. रेघ कुठे आहे ते सांगणारी पेटी म्हटल्यावर बोटमालकांनी ती घेतली. सेतुमाधव स्वतः जाऊन पेट्या बसवून देत. मोठ्या आकड्यांच्या दोन ओळी समजावून देत. पूर्वेचा आकडा इतका झाला की परत फिरायचं, बस्स. "पेटी कधी चुकत नाही," ते सांगत. "माणूस चुकतो."

पण पेटीच्या पडद्यावर तळाशी आणखी एक बारीक ओळ होती. तीत तारीख, वेळ, आणि उपग्रह नीट पकडलेत की नाही हे सांगणारी दोन-तीन इंग्रजी अक्षरं. या ओळीने सेतुमाधवांचं डोकं उठवलं. पेटीचं घड्याळ इंग्लंडचं. आपल्याकडे पहाट झाली तरी पेटी कालचीच तारीख दाखवायची. बोट चालवणाऱ्या एका तांडेलाने पेटीवर अमावास्येची तारीख पाहिली आणि अमावास्येला समुद्रात जायचं नाही म्हणून बोट किनाऱ्यालाच ठेवली. अमावास्या आदल्या दिवशीच सरली होती. दुसरा बसने तंजावूरला आला, पेटीचं घड्याळ बंद पडलंय म्हणून. तिसरा आला तेव्हा सेतुमाधवांनी खिशातून गुंडाळी काढली, बोटाएवढा तुकडा कापला आणि ती अख्खी ओळ झाकून टाकली. मग बंदरावरच्या प्रत्येक पेटीला पट्टी लागली. तक्रारी थांबल्या. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

या पेट्यांवर सर्वांत जास्त भक्ती होती ती काळिमुत्तू नावाच्या तांडेलाची. हा हमीद मरैक्कायर नावाच्या मालकाच्या बोटीवर होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मवाळ माणूस. आकडे वाचता येत, अक्षरं नाहीत. पेटी बसवली त्या दिवशी त्याने तिला गंध-कुंकू लावलं आणि पहिलं बटण रायरांनीच दाबावं म्हणून हट्ट धरला. पट्टी लावताना तो बाजूला हात जोडून उभा होता, देवळात पडदा ओढतात तेव्हा उभं राहावं तसा. "याखालचं माझं," सेतुमाधव म्हणाले. "समजलं, सामी," काळिमुत्तू म्हणाला. दुकानात कधी आला तर दारातच चपला काढायचा. सेतुमाधव सगळ्यांना झापत, याला झापत नसत. झापण्यासारखं तो काही करतच नसे.

नव्याण्णव साली श्रावणात, वरलक्ष्मी व्रताच्या आठवड्यात, गुरुमूर्तीचा फोन आला.

"राव, त्या जुन्या पेट्या. या आठवडाअखेरीस त्यांची तारीख मागे जाणार आहे. उपग्रह आठवडे मोजतात, आणि त्यांचा आकडा संपून पुन्हा शून्यावर येतोय. स्कूटरचं मीटर फिरून शून्यावर येतं ना, तसंच. नव्या पेट्यांना ते ठाऊक आहे. जुन्या पेट्यांना वाटेल की ऐंशी सालचा जानेवारी आहे. जमतील तेवढ्या माझ्याकडे पाठवा, मी बघतो काय करता येतं."

"तारीखच ना?" सेतुमाधवांनी विचारलं.

"मुख्यतः तारीखच. पण तारखेवरूनच पेटी उपग्रह शोधते हो. तारीख चुकली तर एखादी गोंधळेलही. सांगता येत नाही."

सेतुमाधव बरं म्हणाले आणि फोन ठेवला. वायर, वाल्व्ह, लहरी यांत जन्म घालवलेला माणूस तो. गुरुमूर्तीचं शेवटचं बोलणं त्यांना पुरतं कळलं होतं. पण पेट्या गोळा करायच्या म्हणजे बंदरावर जायचं, मालकांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं की पट्टीखाली जे आहे त्याला महत्त्व आहे. इतकी वर्षं उलट सांगितल्यावर! शुक्रवारी घरी व्रत, बायका हळदीकुंकवाला येणार, कलशाच्या आराशीचे दिवे त्यांनाच जोडायचे होते. पुढच्या आठवड्यात जाऊ, त्यांनी ठरवलं. तारीख तर कुणाला दिसतच नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि मनाने ते ऐकून घेतलं.

रविवारी पहाटे, बोटी समुद्रात असताना, आकडा शून्यावर आला.

सोमवारी सकाळी दोन बोटमालक पेट्या घेऊन दुकानात हजर झाले. रविवारी उजाडताना पेट्या वेड्यासारख्या करायला लागल्या, ते म्हणाले. बोट खोळंबलेली आणि पेटी म्हणते चाललोय. बरं झालं, किनारा दिसत होता, मनोरा पाहून परत आलो. सेतुमाधवांनी नखाने पट्टीचा कोपरा उचकटला. खाली ऐंशी सालचा जानेवारी होता. शेजारी ती इंग्रजी अक्षरं होती, जी पेटी फक्त उपग्रह हरवल्यावर दाखवते. त्यांचा अर्थ असा, की आता मी अंदाजाने चालले आहे, मघाचा वेग आणि मघाची दिशा धरून आकडे पुढे ढकलते आहे, माझ्यावर विसंबू नका. पेटी बिचारी सांगत होती. रविवारी पहाटेपासून सांगत होती.

"काय झालंय, रायर?"

"बॅटरी," सेतुमाधव म्हणाले. "खाऱ्या हवेने बॅटरी उतरलीय. मद्रासला पाठवतो."

हा शब्द तोंडातून गेला न गेला तोच दुसरा मालक म्हणाला, "हमीदभाईंची बोट अजून आली नाही. काळिमुत्तूची. सगळे वाट बघताहेत."  सेतुमाधवांनी पेटी उलटी करून टेबलावर ठेवली आणि उगीच पाना शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी तमिळ पेपरात आलं. काळिमुत्तू आणि बोटीवरचे तिघे पलीकडच्या गस्तीने धरले होते. जिवंत होते. बोट जप्त, माणसं कोठडीत. सेतुमाधवांनी बातमी पुनःपुन्हा वाचली. वाऱ्याने बोट पूर्वेकडे ढकलली असणार, आणि पेटी मात्र जुन्याच हिशेबाने आकडे दाखवत राहिली असणार. त्यांना डोळ्यांपुढे तो पडदा दिसत होता. वरचे दोन मोठे आकडे, आणि खाली त्यांच्या हातची काळी पट्टी, कडा नीट दाबलेली. दाबताना त्यांनी अंगठ्याने दोनदा घासली होती. कामात ते कधी हयगय करत नसत.

आठवड्याने काळिमुत्तूची बायको राक्कायी दुकानात आली. कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला चारही घरच्या बायका तंजावूरला आल्या होत्या. बाकीच्या बस स्टँडवर थांबल्या, ही एकटी दक्षिण राजवीथीवर विचारत विचारत आली. दाराबाहेरच उभी राहिली. सेतुमाधवांनी आत ये म्हटलं, तरी आली नाही.

"रायर, एकच विचारायचंय," ती म्हणाली. "बंदरावर सगळे म्हणतात, काळिमुत्तू मुद्दाम पलीकडे गेला. तिकडे कोळंबी मोठी मिळते ना. हमीदभाई म्हणतात, पेटी होती, रेघ दिसत होती, तरी गेला. माझी बोट घालवली त्याने. परत आला तरी याला कुठल्याच बोटीवर उभं करणार नाही, म्हणतात. मी म्हटलं, हे असं करणार नाहीत. पेटीच चुकली असेल. तर सगळे हसले मला." तिने पदर सावरला. "तुम्ही सांगा. पेटी चुकू शकते का?"

सांगायला किती वेळ लागला असता? हो म्हणायला एक श्वास पुरला असता. समोरच्या फळीवर त्या दोन पेट्या होत्या, त्यांची पट्टी सोललेली, हात लांब केला असता तर दाखवता आल्या असत्या. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आणि त्याच्या मागून बंदरावरचे सगळे मालक, सगळे तांडेल, सगळा गाव.  सेतुमाधवांच्या जिभेने आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं.

"पेटी कधी चुकत नाही."

राक्कायीने मान हलवली. रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि उन्हात निघून गेली.

त्यांना वाटलं होतं, ते वाक्य दुकानाच्या दारातच राहील. ते तिच्याबरोबर बसमध्ये चढलं आणि बंदरावर पोचलं. कुणीतरी तिला विचारलं असणार, आणि ती सरळ बाई, तिने सरळ सांगितलं असणार. महिन्याभरात एक बोटमालक नवी पेटी घ्यायला आला तो म्हणाला, "आता कुणाला शंका राहिली नाही. खुद्द रायर म्हणाले, पेटी चुकत नाही. म्हणजे काळिमुत्तूच गेला." सेतुमाधवांनी त्या माणसाला पेटी विकली नाही. माल संपलाय म्हणाले. पण पेटी न विकल्याने काय होणार होतं? त्यांची त्यांनाच शिसारी आली.

घरात मात्र एक चमत्कार घडू लागला. एके सकाळी भुवनेश्वरी चटणी वाटायला गेली तर मिक्सीचा तिसरा वेग उघडा. फ्रिजमधली चकती उघडी. पंख्याच्या रेग्युलेटरवर नुसता गोंदाचा चिकट डाग. सेतुमाधव स्टुलावर चढून मीटरपेटीवरची पट्टी खरवडत होते.

"काय होतंय तुम्हांस?" तिने खालून विचारलं. "पंचवीस वर्षं हात लावूं दिलां नाहींत, आतां सगळंच सोलतां?"

"नको होती म्हणून काढलों."

"खालीं उतरा आधीं."

ते उतरले. कॉफी पुढे आली, त्यांनी तिला हात लावला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. फोन, व्रताचा आठवडा, बॅटरी, आणि ती बाई.  ऐकून झाल्यावर भुवनेश्वरीने एवढंच विचारलं, "तिला नाहीं कां म्हणालां?"

"भय वाटलं."

"कुणाचं? त्या बाईचं?"

 "लोक रायर म्हणतात," सेतुमाधव पुटपुटले.

"उद्यां जा आणि सांगा," भुवनेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

उद्या ते गेले नाहीत. परवाही नाहीत. रोज सकाळी धोतर नेसून तयार होत, आणि रोज काहीतरी निघे. कधी दुकानात वीज नसे, कधी बस चुकल्यासारखी वाटे. भुवनेश्वरीने पुन्हा विषय काढला नाही, पण रोज सकाळी त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दहीभाताचा डबा भरून ठेवायची, आणि रोज संध्याकाळी तो डबा दुकानातूनच रिकामा परत यायचा. असं करता करता दिवाळी होऊन गेली. मग पेपरात आलं, धरलेले मच्छीमार सोडले, चौघे घरी परतले. बोट मात्र पलीकडेच राहिली. त्या दिवशी सेतुमाधव दुकान न उघडता पट्टुकोट्टैच्या बसमध्ये बसले.

बंदरावर सकाळचा लिलाव उरकला होता. शेडमध्ये बर्फाचे तुकडे वितळत पडले होते, माणसं विड्या ओढत बसली होती. हमीद मरैक्कायर प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते. साठीचे, पांढरी दाढी, बोट गेल्यापासून खांदे उतरलेले. त्यांच्यापासून थोडा दूर, खांबाला टेकून, काळिमुत्तू जमिनीवर बसला होता. निम्मा झाला होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. रायरांना बघताच तो धडपडत उठला.

सेतुमाधव त्याच्याकडे न बघता मरैक्कायरांसमोर गेले. बसमध्ये त्यांनी वाक्यं घोकून ठेवली होती, ती सगळी उडून गेली. "मरैक्कायर, पेटी चुकली होती," ते म्हणाले. "मला मद्रासहून आधीच कळवलं होतं. मी तुम्हांला सांगितलं नाही. पेटी स्वतः सांगत होती की मी चुकते आहे, ते सांगणं पट्टीखाली गेलं. पट्टी माझी. याचा काही दोष नाही."

 मरैक्कायर काही म्हणणार, तेवढ्यात काळिमुत्तू पुढे आला आणि सेतुमाधवांच्या पायांवर कोसळला.

"नको, सामी. माझ्यासाठी असं बोलू नका," तो रडत म्हणाला. "मी पट्टी उचलली होती."

सेतुमाधव त्याला उठवू लागले, पण तो उठेना.

"खाऱ्या पाण्याने कोपरा सुटला होता. उजाडत होतं, जाळं वर घ्यायचं होतं. मी बघितलं, काय आहे खाली म्हणून. ऐंशी असा काहीतरी आकडा होता. तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नकोस. मी घाबरलो, लगेच परत दाबून टाकली. पण तोवर पेटी बिघडली. त्याआधी सगळं ठीक होतं, सामी. पट्टी उचलली आणि सूर्य वर येईतो आम्ही पलीकडे." तो हुंदके देत होता. "तिकडे कोठडीत मी रोज तेच बोलायचो. रायरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चार घरं बुडवली मी. इथे आल्यावर कुणाला सांगितलं नाही, कारण मग तुम्हांला कळलं असतं."

सेतुमाधव खाली बसले. सोवळ्याओवळ्याचा विचार न करता त्या ओल्या फरशीवर, माशांच्या खवल्यांत बसले. त्याचे खांदे धरून म्हणाले, "अरे, तू उचललीस म्हणून नाही. मी लावली म्हणून. तू उचललीस तेव्हा ती आधीच चुकलेली होती." ते त्याला उपग्रहांचे आठवडे समजावू लागले, शून्य कसं झालं, पेटी अंदाजाने कशी चालते. भोवती माणसं जमली. सगळे माना डोलवत होते, कीर्तनात संस्कृत श्लोक आला की डोलवतात तशा. काळिमुत्तूही मान डोलवत होता, आणि त्याचा एका अक्षरावर विश्वास बसलेला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर फक्त भक्ती होती, पूर्वीपेक्षा जास्त.

"रायर," मरैक्कायर हळूच म्हणाले, "मी खूप मालक पाहिले, खूप व्यापारी पाहिले. दुसऱ्याच्या तांडेलासाठी तंजावूरहून येऊन दोष अंगावर घेणारा माणूस पाहिला नव्हता."

"अंगावर घेत नाही हो. माझाच आहे," सेतुमाधव जवळजवळ ओरडले. जसजसे ते ओरडले तसतसे भोवतालचे लोक त्यांच्याकडे अधिक आदराने बघू लागले. एका म्हाताऱ्याने हात जोडले. सेतुमाधवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या माणसाला झापून खरं पटवायची त्यांची सगळी ताकद त्या शेडमध्ये फुकट गेली.

"बरं, तुमचा शब्द," मरैक्कायर म्हणाले. मग काळिमुत्तूकडे वळून, "ऊठ. रायर तुझ्यासाठी एवढं म्हणतात, तर माझ्या भावाच्या बोटीवर जा सोमवारपासून. जे झालं ते झालं." काळिमुत्तूने डोळे पुसले. लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले, कुणीतरी त्याला विडी दिली. त्याचं काम त्याला परत मिळालं होतं, आणि सेतुमाधव ज्यासाठी आले होते ते झालं होतं. फक्त खरं कुणी ऐकलं नव्हतं.

बस सुटायला वेळ होता. रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत ते उभे होते, तेव्हा राक्कायी शहाळं घेऊन आली. काळिमुत्तूनेच पाठवलं होतं. तिने ते पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही.

"शेडमध्ये मी मागे उभी होते," ती म्हणाली. "ते सगळं खरं आहे?"

"खरं आहे."

"मी दुकानात विचारायला आले होते. तेव्हा तुम्हांला ठाऊक होतं?"

बाजूने एक मोपेड गेली. सेतुमाधवांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "हो. ठाऊक होतं."

तिने मान हलवली, त्या दिवशी हलवली होती तशीच. ती चिडली नाही. शहाळं त्यांच्या हातात दिलं.

"आता त्यांना पुन्हा सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना पटणार नाही, आणि पटलं तर त्यांना सोसणार नाही. रायर आपल्याला माफ करतील एवढ्या आशेवर ते तिकडे जगले. तुम्ही त्यांना माफ केलं असंच म्हणा."

"मी त्याला माफ करू? मी?"

"हो," राक्कायी म्हणाली. "करा माफ. ते वाट बघताहेत."

काळिमुत्तू शेडच्या दारात उभा होता. चपला काढून, हात जोडून, इकडेच बघत. बसवाल्याने हॉर्न दिला. सेतुमाधवांनी शहाळं काखेत धरलं, उजवा हात वर केला आणि लांबूनच त्याला आशीर्वाद दिला.